मंडळी गाते की ऐकते? उपासनेतील संगीताच्या कार्याविषयी एक प्रश्न

उपासना समिती सदस्य

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) उपासना समितीत सध्या एका मुद्द्यावर चर्चा अडली आहे. गेल्या काही वर्षांत आमचा वाद्यवृंद चांगला तयार झाला आहे. तरुण मुलेमुली मनापासून सराव करतात, गीते नेटकी बसवतात आणि ऐकणाऱ्याला आनंद होतो, हे मान्यच करावे लागेल. मात्र याच काळात बाकांवरून येणारा आवाज हळूहळू क्षीण होत गेला. लोक उभे राहतात, पडद्यावरील शब्द वाचतात, काहींचे ओठही हलतात. पण गातात ते समोर माइक घेऊन उभे असलेले मोजके जण.

समितीतील काहींच्या मते संगीताचे काम संदेशासाठी, म्हणजे प्रवचनासाठी, मने तयार करणे एवढेच आहे, त्यामुळे ते उत्तम वाजले म्हणजे पुरे. इतरांचे म्हणणे असे की गायन हीच उपासना आहे, आणि मंडळीच गात नसेल तर उपासना नेमकी कोण करत आहे? संगीताचे उपासनेतील खरे काम कोणते आणि संगीतसेवा करणाऱ्यांकडून आपण कशाची अपेक्षा ठेवावी, याविषयी जाणकारांनी लिहावे. जुनी गीते की नवी हा वाद कृपया येथे नको. तो आमच्याकडे पोटभर झाला आहे.

इतिहासाचा अभ्यासक

आपण सांगितलेल्या दोन मतांपैकी पहिले मत पवित्र शास्त्रापुढे टिकत नाही, असे मला वाटते. कलस्सैकरांस पत्रात (3:16) पौल स्तोत्रे, गीते आणि आध्यात्मिक गायने यांचा उल्लेख ज्या वचनात करतो, त्याच वचनात ख्रिस्ताचे वचन आपल्यामध्ये विपुलतेने राहावे आणि आपण एकमेकांना शिकवावे व बोध करावा, असेही सांगतो. इफिसकरांस पत्रातही (5:19) गीतांद्वारे परस्परांशी बोलण्याची सूचना आहे. म्हणजे गायन देवाला उद्देशून असते आणि त्याच वेळी शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही उद्देशून असते. ती संदेशापूर्वीची तयारी नव्हे. ती स्वतःच वचनाची सेवा आहे, आणि पौलाने ही सेवा निवडक गायकांकडे नव्हे, तर अवघ्या मंडळीकडे सोपवली आहे.

आपल्या समितीचा वाद मात्र अजिबात नवा नाही. इ. स. 112च्या सुमारास धाकटा प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्राजानला लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत गातात, अशी नोंद केली. त्या गायनात सगळे सामील असावेत, असे त्या वर्णनावरून दिसते. पुढे मध्ययुगात पाश्चात्त्य मंडळीतील गायन बहुतांशी लॅटिनमध्ये आणि धर्मगुरू व प्रशिक्षित गायक यांच्याकडे गेले. संगीत समृद्ध होत गेले आणि सामान्य भाविक बराचसा श्रोता झाला. जर्मनीत मार्टिन ल्यूथरने सुरू केलेल्या धर्मसुधारणेत 1524 साली आठ गीतांचा एक लहानसा संग्रह छापला गेला, तो लोकांच्या तोंडी त्यांच्याच भाषेतील गीत यावे म्हणून. जिनीव्हाचा सुधारक जॉन कॅल्विनने वाद्ये आणि बहुस्वरी (एकाच वेळी अनेक स्वरओळींच्या) रचना सार्वजनिक उपासनेतून दूर ठेवल्या, परंतु लोकांचे गायन सोडले नाही. सर्व 150 स्तोत्रांचा छंदोबद्ध जिनीव्हा संग्रह 1562मध्ये पूर्ण झाला आणि लोक ती स्तोत्रे एका सुरात गाऊ लागले. या सर्वांत विलक्षण उदाहरण झुरिकचा सुधारक झ्विंग्ली याचे आहे. तो स्वतः अनेक वाद्ये वाजवणारा जाणकार संगीतकार होता, तरीही त्याने झुरिकच्या उपासनेतून संगीत काढूनच टाकले. तेथे मंडळीचे गायन परत आले ते 1598मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर 67 वर्षांनी.

गायकवृंद संचालक

वरील विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण त्यातून प्रशिक्षित गायक म्हणजे मंडळीच्या मार्गातील अडथळा, असा अर्थ निघत असेल तर तो मला मान्य नाही. जुन्या करारातील ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात मंदिरातील गायनासाठी शिकून तयार झालेल्या 288 जणांची व्यवस्था दिली आहे. कौशल्याला तेथे गर्व मानलेले नाही. ती नेमून दिलेली सेवा आहे. लायप्झिगमध्ये 1723पासून अखेरपर्यंत मंडळीच्या संगीताची जबाबदारी सांभाळणाऱ्या बाख या जर्मन संगीतकाराने आपल्या बायबलच्या समासात, ‘दुसरा इतिहास’ या पुस्तकातील मंदिर-समर्पणाच्या वर्णनाशेजारी, भक्तिपूर्ण संगीत चालू असताना देव आपल्या कृपेसह सदैव उपस्थित असतो, या आशयाची टीप लिहून ठेवली होती. असे संगीत लक्ष देऊन ऐकणारा भाविक निष्क्रिय आहे, असे कोण म्हणेल?

कॅथोलिक मंडळीने या बाबतीत घेतलेली भूमिका मला संतुलित वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963मध्ये उपासनेत लोकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला आणि ग्रेगोरियन गायनाला (लॅटिनमधील जुन्या एकसुरी गायनाला) मानाचे स्थानही कायम ठेवले; 1967च्या संगीतविषयक सूचनेत तर गायकवृंद गात असताना भाविकांनी अंतःकरणाने त्या गायनाशी एकरूप व्हावे, हाही सहभागच मानला आहे. अर्थात ऐकण्याचा धोका मी नाकारत नाही. गीताच्या आशयापेक्षा गाणाऱ्याच्या आवाजानेच आपण अधिक हेलावतो तेव्हा ते पाप ठरते, असे प्राचीन मंडळीतील धर्मपंडित ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात कबूल केले आहे. तरीही त्याने निर्णय दिला तो गायनाच्या बाजूने, कारण मिलानच्या मंडळीतील गायन ऐकून त्याच्या डोळ्यांत आलेले अश्रू तो विसरला नव्हता.

ध्वनिव्यवस्था पाहणारा

तत्त्वचर्चेत भर घालण्याचा माझा अधिकार नाही, परंतु लोक गात नाहीत याचे कारण पुष्कळदा अगदी साधे असते. पहिली गोष्ट पट्टीची. ध्वनिमुद्रित गीते एकल गायकाच्या सोयीच्या पट्टीत असतात आणि ती बहुधा फार उंच असते. सर्वसाधारण माणसाचा आवाज एका सप्तकाच्या आणि त्यावर दोन-तीन स्वरांच्या पलीकडे सहज जात नाही, म्हणून गीत मूळ पट्टीतच बसवण्याचा आग्रह धरला की निम्मे लोक दुसऱ्या कडव्यापर्यंत गप्प होतात. दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. माणसाला स्वतःचा आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला नाही, तर तो गाणे थांबवतो, कारण आपण गायलो काय किंवा न गायलो काय, काही फरक पडत नाही, असा संदेश ध्वनिक्षेपक त्याला देत असतो. सभागृहात अंधार करून फक्त व्यासपीठावर दिवे ठेवले की हा परिणाम दुप्पट होतो.

नवे गीत एकदाच गाऊन सोडून देऊ नका. ते सलग काही आठवडे घ्या आणि त्या काळात दुसरे नवे गीत आणू नका. दर रविवारी एका तरी गीताचे शेवटचे कडवे वाद्यांशिवाय गाऊन पाहा. ज्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या शतकानुशतके वाद्यांशिवाय केवळ मानवी आवाजात उपासना करत आल्या आहेत, त्यांच्याकडे ही उणीव नसून परंपरा आहे. मेथोडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्लीने 1761मध्ये गायनाविषयी दिलेल्या सूचना आजही वाद्यवृंदाच्या सराव खोलीत लावाव्यात अशा आहेत: सर्वांनी गावे, जोमाने गावे, पण इतरांच्या वर आपला आवाज चढवू नये.

उपासना समिती सदस्य

सर्वांचे आभार. पट्टी आणि आवाज यांविषयी आम्ही लगेच प्रयोग करू. ऐकणे हाही सहभाग असू शकतो हे मला पटले. परंतु आमच्याकडे प्रत्येक गीत ऐकण्याचेच झाले आहे, ही अडचण उरते. आणखी एक विचारतो. आमच्याकडे गीतांची निवड वाद्यवृंदच करतो आणि पाळकांना ती रविवारी सकाळी कळते. हे योग्य आहे का?

निवृत्त पाळक

योग्य नाही, आणि याचा दोष वाद्यवृंदाचा नसून पाळकांचा आहे. लोक संदेश आठवड्याभरात विसरतात, गीत मात्र वर्षानुवर्षे गुणगुणतात. म्हणून मंडळी देवाविषयी काय मानते, हे प्रवचनाइतकेच, कदाचित अधिक, गीतांवरून ठरते. चौथ्या शतकात, ख्रिस्त पित्याच्या बरोबरीचा देव नाही असे शिकवणाऱ्या अरियसने आपली मते गेय रचनांमधून पसरवली, तर सिरियातील एफ्रेमने चुकीच्या शिकवणीला उत्तर म्हणून स्वतः स्तोत्रे रचली आणि परंपरेनुसार ती स्त्रियांच्या गायकवृंदाला शिकवली. शिकवणुकीची ही जबाबदारी केवळ चाल आवडते म्हणून गीत निवडणाऱ्या विशीतल्या मुलांवर टाकणे त्यांच्यावरही अन्याय आहे.

निवड करताना आपल्या यादीत विलाप आहे का, हेही पाहावे. स्तोत्रसंहितेतील स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत, आणि आपल्या बहुतेक मंडळ्यांत मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जयघोष चालतो. नुकतेच दफन करून आलेल्या कुटुंबाने त्या रविवारी काय गावे? त्यांचे ओठ बंद असतील, तर कारण दर वेळी पट्टीच असेल असे नाही.

मंडळीचे संगीत रविवारच्या सभागृहापुरतेही नसते. स्मरणशक्ती हरपत चाललेल्या वृद्धांना भेटायला गेल्यावर, समोरच्या आप्तांची नावे न आठवणारी व्यक्ती ओळखीच्या गीताची कडवी बिनचूक म्हणते, हे अनेक पाळकांनी पाहिले आहे. ती गीते तिला पाठ झाली कारण कोणे एके काळी तिच्या मंडळीने ती पुन्हा पुन्हा, एकत्र गायली होती. म्हणून माझी सूचना अशी की मंडळीने तीसेक गीतांचा एक कायमचा गाभा ठरवावा, त्यात विलापाची चार-पाच असावीत, आणि ती पडद्यावर शब्द नसतानाही म्हणता येईपर्यंत फिरून फिरून घ्यावीत. नव्या गीतांसाठी उरलेली जागा पुरेशी आहे. पाळक आणि संगीतप्रमुख यांनी सोमवारी किंवा मंगळवारी एकत्र बसून पुढील शास्त्रभाग आधी वाचावा आणि मगच यादी करावी. गायकवृंदाने एकट्याने गायचे गीत कोणते आणि सर्वांनी मिळून गायचे कोणते, हेही त्याच बैठकीत लिहून ठेवावे.