साउंडवेव्ह घ्यायचाय: एमपी-१३ की सीज?

निळाटेप:
ट्रान्सफॉर्मर्सच्या १९८४ च्या मूळ कार्टूनमधला माझा सगळ्यात लाडका म्हणजे साउंडवेव्ह, टेपरेकॉर्डर होणारा रोबोट. ऑप्टिमस आणि बंबलबी सगळ्यांकडे असतात, मला हाच हवाय. मावसभाऊ दिवाळीत न्यू जर्सीहून येतोय, त्याच्याकरवी मागवीन म्हणतो. डोक्यात त्याची दोन खेळणी आहेत: जपानच्या टाकारा टोमीचा मास्टरपीस एमपी-१३ आणि २०१९ च्या सीज मालिकेतला व्हॉयेजर. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फोटोत दोन्ही देखणे दिसतात, पण हातात घेतल्यावर कसे वाटतात ते फोटोवरून कळत नाही. नऊ वर्षांचा भाचा आमच्याकडेच पडीक असतो, तोही हात लावणारच. ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा ना.

रेकॉर्डिंगरूम:
माझ्याकडे दोन्ही आहेत, शिवाय जुन्या साच्याचा रीइश्यूही आहे. तुम्ही मूळ कार्टूनवर जीव टाकणारे असाल तर एमपी-१३ घ्या. का, ते सांगतो. लांबण लागेल, पण याच्याबद्दल थोडक्यात लिहिणं मला जमणार नाही.

अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स आणले तेव्हा बहुतेक साचे जपानच्या टाकाराकडून (आताची टाकारा टोमी) घेतले होते, तेही मुख्यतः दोन वेगळ्या मालिकांमधून. डायक्लोनमधून गाड्या आणि विमानं आली. ती खऱ्या वाहनांची लहान रूपं होती आणि आत इवलासा चालक बसायचा. ऑप्टिमस तिथला. दुसरी मालिका मायक्रो चेंज. तिची कल्पनाच अशी की घरातली वस्तू आहे तेवढ्याच आकाराची ठेवायची आणि तिचा रोबोट करायचा. पिस्तूल, कॅमेरा, मायक्रोस्कोप, टेप. साउंडवेव्ह या घरातला, १९८३ चा 'कॅसेट मॅन'. कार्टूनमध्ये त्याला टेप होताना आकसून तळहाताएवढं व्हावं लागतं. खेळण्यात तसं काही मानून घ्यावं लागत नाही. तो टेपएवढाच टेप असतो, आणि त्याच्या कॅसेटी, म्हणजे छातीतून बाहेर पडणारे त्याचे छोटे साथीदार, पत्रकारांच्या छोट्या रेकॉर्डरमध्ये असायच्या त्या मायक्रोकॅसेटच्या मापाच्या.

म्हणून साउंडवेव्हचं कुठलंही खेळणं हातात आलं की मी आधी त्याचा टेप करून बघतो. एमपी-१३ तिथे पैकीच्या पैकी मार्क घेतो. हात कुशीत सरकतात, पाय दुमडून आत जातात, डोकं खाली बुडतं, आणि शेवटचा भाग बसला की समोर एक निळा टेप उरतो. रोबोट कुठून सुरू होतो ते सांगता येत नाही. मग इजेक्टची कळ दाबायची. छातीवरचं पारदर्शक दार, ज्यावर डिसेप्टिकॉनचं, म्हणजे खलनायकांच्या गटाचं, चिन्ह आहे, ते उघडतं आणि आत लेझरबीक हा त्याचा पक्षी कॅसेट होऊन उभा असतो. रोबोट असतानाही हीच कळ, हेच दार. कार्टूनमध्ये साउंडवेव्ह खांद्यावरची कळ दाबून एकेकाला बाहेर सोडतो ना, तो प्रसंग तुम्ही बोटाने करता. मी कामावरून आलो की एकदा तरी दाबतो.

जुन्याच्या छातीत एकच कॅसेट मावायची. यात तीन मावतात. मास्टरपीस ऑप्टिमस एमपी-१० च्या शेजारी शोभावा म्हणून मुळात आकारच वाढवलाय. त्यामुळे टेप झाल्यावर तो खिशात जाणार नाही, तेवढं खऱ्या मापापासून लांब गेलं. मला ते खटकतं, पण रोबोट म्हणून त्याची जी छाती भरलेली दिसते त्यापुढे मी ते सोडून देतो. हातातली बंदूक आणि खांद्यावरचा क्षेपणास्त्राचा नळकांडा दुमडले की बॅटरीचे सेल होतात आणि पाठीमागच्या कप्प्यात जातात. ही जुन्या साच्यातली करामत, इथेही जपलीय. सोबत पिस्तुलाच्या रूपातला छोटा मेगाट्रॉन, म्हणजे डिसेप्टिकॉनचा म्होरक्या, मिळतो, तो त्याच्या मुठीत बसतो. आवाज किंवा दिवे मात्र काही नाहीत. कार्टूनमध्ये त्याला आवाज देणाऱ्या फ्रँक वेल्करचा तो यंत्रातून गाळलेला आवाज तुम्हाला मनातच ऐकावा लागेल.

घेताना एक बघा. टाकाराच्या खोक्यात फक्त लेझरबीक असतो, आणि जपानी नावाने 'कंडोर' असा. रॅव्हेज ही दुसरी कॅसेट, म्हणजे तिथला 'जग्वार', तो रंबल या तिसरीबरोबर एमपी-१५ म्हणून वेगळा निघाला. हॅस्ब्रोने अमेरिकेत टॉइज आर अससाठी जो काढला त्यात पाच कॅसेटी एकत्र होत्या. ती दुकानं २०१८ मध्ये बंद झाली, तरी भाऊ न्यू जर्सीत आहेत तर सेकंडहँडमध्ये तोच शोधायला सांगा. कॅसेटी सुट्या जमवण्यापेक्षा परवडेल.

ठाणेकर_ऑटोबॉट:
रेकॉर्डिंगरूम यांनी छानच लिहिलंय, पण सीजला एवढ्यात बाद करू नका. तो व्हॉयेजर, म्हणजे साधारण १८ सेंटिमीटरचा. डोकं-चेहरा अगदी कार्टूनमधला, सांधे घट्ट, आणि उभा करून ठेवायला एमपीपेक्षा सुटसुटीत. छाती यालाही उघडते, लेझरबीक-रॅव्हेजची जोडी वेगळी निघाली होती ती आत बसते. अंगावर लढाईत खरचटल्यासारखा चंदेरी रंग मारलाय, तो काहींना आवडत नाही. मला तर आवडतो.

तो टेप होत नाही हे मात्र खरं. सायबरट्रॉनवरचं, म्हणजे त्यांच्या ग्रहावरचं, यान होतं. पण पहिल्या भागाच्या सुरुवातीला साउंडवेव्ह दिव्याचा खांब होऊन उभा असतो, आठवतंय? सीजचा थोडा वेगळा दुमडला की तसा खांब होतो. माहितीपत्रकात ते नाही, लोकांनी शोधून काढलंय. माझ्या टेबलावर तो तसाच उभा आहे.

आणि भाच्याचं म्हणाल तर सीजवर आठ वर्षांपुढे लिहिलंय, मास्टरपीसवर पंधरा. ते उगाच लिहिलेलं नाही.

गोदामवाला:
भावाकडून मागवताय तेच बरं. पार्सलने मागवायचा विचार कुणी करत असेल तर हिशोब करून मगच. खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्यूटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० झाली. जीएसटी त्यावर वेगळा. १ जानेवारी २०२१ पासून इथे विकायच्या खेळण्यांना आयएसआय मार्कही सक्तीचा आहे. जपानी दुकानदाराच्या पानावरची किंमत बघून हुरळून जाऊ नका.

आणि फारच स्वस्तात 'एमपी-१३' दिसला तर तो केओ समजा, म्हणजे नक्कल. या साच्याच्या नकला भरपूर आहेत. विकणाऱ्याकडून इजेक्टची कळ दाबून दार उघडतानाचा व्हिडिओ मागवा, आणि तळव्यांचा, पाठीचा, खोक्याच्या सगळ्या बाजूंचा फोटो.

निळाटेप:
सगळ्यांचे मनापासून आभार. मायक्रो चेंजचं माहीतच नव्हतं! एमपीवरच मन बसलंय. दोन शंका: भाच्याच्या हाती द्यावा का? आणि आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातही बुरशी येते, त्याचं काय करू?

रेकॉर्डिंगरूम:
भाच्याला टेप करून द्या आणि इजेक्टची कळ त्याची. कॅसेट घालणं, काढणं, लेझरबीक उलगडणं हे नऊ वर्षांच्या पोराला सहज जमतं आणि त्यातच सगळी मजा आहे. मोठ्या रोबोटची जोडणी-मोडणी पहिल्या काही वेळा तुम्ही शेजारी बसून करा. नियम एकच शिकवा: अडलं की जोर लावायचा नाही. अडतं तेव्हा नव्वद टक्के वेळा एखादी खाच आधीच्या पायरीत सुटलेली असते. दोन पायऱ्या मागे जा, खाच सापडते. जोर लावला की बिजागरीची कड पांढरी पडते, आणि ती पांढरी रेघ परत जात नाही. तोवर भाच्यासाठी ठाणेकरांचा सीजही मागवा की, किंमत आवाक्यातली आहे.

दमटपणासाठी: आतल्या धातूच्या पिना गंजतात, म्हणून काचेच्या बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जून ते सप्टेंबर त्या बदलत राहा. ऊन थेट पडेल अशा जागी अजिबात नको. निळ्या भागावर लगेच कळत नाही, पण मांड्यांचं फिकट राखाडी प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. पुसायला कोरडा मऊ ब्रश, मी रंगकामाचा वापरतो. दारावर स्पिरिट किंवा काच पुसायचं पाणी मुळीच लावू नका, चिन्हाचा रंग उतरू शकतो.

आणि कॅसेटी दार लावून आतच ठेवा. लेझरबीक सोफ्याच्या फटीत गेला की सापडता सापडत नाही.