मदत हवी आहे: वर्म्सच्या करारात सम्राटाच्या हाती नेमकं काय उरलं?

नमस्कार मंडळी. पोप सातवा ग्रेगरी आणि जर्मन राजा चौथा हेन्री यांच्यात बिशप कुणी नेमायचे यावरून झालेल्या संघर्षाबद्दल वाचतेय. जानेवारी १०७७ मध्ये इटलीतल्या कनोसाच्या किल्ल्याबाहेर पोपच्या माफीसाठी थंडीत तीन दिवस ताटकळलेला राजा सगळ्यांना ठाऊक असतो. पण १०८४ मध्ये त्यानेच रोम घेतलं आणि पुढच्या वर्षी ग्रेगरी सालेर्नोत परागंदा अवस्थेत वारला, हे फार कमी सांगितलं जातं.

मला अडलंय ते पुढे. पोप आणि सम्राट (म्हणजे जर्मन राजाच) यांच्यातला हा वाद मिटवणाऱ्या ११२२ च्या वर्म्स करारानुसार बिशपला अंगठी आणि धर्मदंड चर्चने द्यायचा, जमिनी आणि अधिकार मात्र सम्राटाने राजदंडाने बहाल करायचे. जर्मनीत हे बहाल करणं बिशपच्या अभिषेकाच्या आधी, इटलीत नंतर सहा महिन्यांत. मग जर्मनीत नकोसा बिशप सम्राट सरळ अडवू शकत होता का? प्रत्यक्ष घडलेलं एखादं उदाहरण कुणी सांगाल का?