मदत हवी आहे: हातकागदावर शाई फुटते

नमस्कार मंडळी, मी इंदूरची. कागद आणि अक्षरं हे माझं लहानपणापासूनचं वेड. सुती चिंध्यांचा लगदा करून कागद घरीच काढते. उजेडात धरला की आतले धागे दिसतात, इतका देखणा होतो! पण बोरूने लिहिलं की शाई फुटते. शिरोरेषेला केसासारखे फाटे येतात, ‘क्ष’ची गाठ तर पार भरून जाते.

गव्हाच्या खळीचा पातळ हात देऊन, वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटून पाहिलं. बराच फरक पडला, पण पावसाळ्यात बुरशी धरते. खळीत तुरटी घाला असं सगळे सांगतात. तिच्या आम्लाने कागद पुढे पिवळा आणि ठिसूळ होतो, म्हणून माझा हात आखडतो. खळीऐवजी जिलेटिनही लावतात, पण ते प्राण्यांपासून बनतं, म्हणून आमच्या घरात चालत नाही. कारखाने लगद्यातच ए.के.डी. (शाई फुटू नये म्हणून घालायचं एक रसायन) मिसळतात, ते थोड्या प्रमाणात कुठे मिळेल का? राजवाडा, खजुरी बाजार किंवा सियागंज, कुठलंही दुकान सुचवा.

भाच्याच्या मुंजीच्या पत्रिका याच कागदावर, हाताने लिहायच्या आहेत. पुण्याच्या हातकागद संस्थेत काम केलेलं कुणी इथे असेल, तर कृपया जरूर लिहा.