विषय : गणेशोत्सवाची शिल्लक आणि सोलापूर

प्रेषक : मंडळाची कार्यवाह

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाचा हिशेब पूर्ण झाला. सगळा खर्च वजा जाता यंदा ४,००० डॉलर शिल्लक आहेत. आपल्यातली बरीच घरं मूळची सोलापूरची. म्हणून अशी सूचना आली आहे की, ही रक्कम सोलापुरातल्या एखाद्या मतिमंद मुलांच्या शाळेला फिजिओथेरपीची उपकरणं घ्यायला द्यावी. रविवारच्या बैठकीत ठराव मांडायचा आहे. कुणाच्या घरात, नात्यात असं कुणी असेल तर त्यांनी आधी मोकळेपणानं लिहावं. आम्हाला यातलं फारसं कळत नाही, आणि चुकीच्या ठिकाणी पैसा जाऊ नये एवढीच इच्छा आहे.

प्रेषक : बाळीवेशीची लेक, न्यू जर्सी

कार्यवाहताई,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मंडळाच्या या ई-मेल यादीवर मी नऊ वर्षं आहे, पण माझ्या धाकट्या भावाबद्दल इथं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

तो ४६ वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. कागदोपत्री नाव वेगळं, पण आमची अव्वा, म्हणजे आई, त्याला तम्मा म्हणते. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्यामुळे अख्खी गल्ली त्याला तम्मा म्हणते, त्याच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान असलेली पोरंसुद्धा.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. चार-पाच दिवसांनी येतं, आणि वेळेचा नेम नसतो. बाळीवेशीतलं आमचं घर उतारावर, म्हणून पाणी आधी आमच्याकडे चढतं. नळ फुरफुरला की तम्मा चपला घालतो आणि गल्लीच्या वरच्या टोकापर्यंत प्रत्येक दाराची कडी वाजवत जातो. "नीरु बंतु! पाणी आलं!" कानडी घर असो, मराठी असो, तेलुगू असो, तो दोन्ही म्हणतो. दार उघडेपर्यंत हलत नाही. पहाटे तीनला आलं तर तीनला जातो. हे काम त्याला कुणी नेमून दिलेलं नाही. वीसेक वर्षं तो ते करतो आहे.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्याची हाक बंद झाली. दिवसभर झोपून असायचा. मे महिन्यात, ४३ अंशांच्या उन्हात, चादर पांघरून बसायचा आणि थंडी वाजते म्हणायचा. एका डॉक्टरांनी हात न लावताच सांगितलं, "चाळिशीनंतर ही मुलं अशीच उतरतात." अव्वानं ते खरं मानलं. मी इथून रोज व्हिडिओवर बघत होते, मीही खरं मानलं. समोरच्या काकूंचं मात्र लागोपाठ दोन वेळा पाणी चुकलं, तेव्हा त्या तडक घरी आल्या. "तम्मा का येईना?" त्यांनीच रिक्षा बोलावली, दुसऱ्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासायला लावलं. थायरॉईड पार मंदावलं होतं. डाऊन सिंड्रोममध्ये हे बरेचदा आढळतं, म्हणून वर्षातून एकदा टीएसएचची, म्हणजे थायरॉईडची, रक्ततपासणी करायलाच हवी. स्मृतिभ्रंशही या लोकांना लवकर गाठतो हे खरं आहे. त्यामुळेच गडी मंद झाला की तोच आला असं समजून लोक हात टेकतात. रोजची एक गोळी सुरू झाली, आणि दसऱ्यापर्यंत गल्लीत हाक परत आली.

त्या काकूंना तम्माचं निदान माहीत नाही, अपंगत्वाची टक्केवारीही माहीत नाही. तो आला नाही तर आपल्या हंड्यात पाणी नसतं, एवढं त्यांना ठाऊक आहे. म्हणून त्यांना कळलं.

तेव्हा उपकरणांना माझा विरोध आहे. ज्या शाळांत मी गेले तिथं अशी उपकरणं वेष्टनासकट कोपऱ्यात उभी आहेत, कारण ती चालवणारा माणूस आठवड्यातून एकदाच येतो. आणि शाळा असते अठरापर्यंत. पुढची चाळीस वर्षं आईच्या अंगावर असतात. पैसा द्यायचाच तर माणसाच्या पगाराला द्या.

आणखी एक, हे इथल्या प्रत्येक भावंडानं आजच वाचावं. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं आईबापही त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. तिच्याकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारही प्रकारांना तो कायदा लागू आहे. अव्वानंतर मीच पालक होणार असं मी धरून चालले होते. पालक भारतीय नागरिकच लागतो. मी इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हा हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आता चुलत भावाचं नाव घातलं आहे. नेमणूक झाली की सहा महिन्यांत तम्माच्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा.

आमचे वडील, अप्पा, रेल्वेत होते. सोलापुरात रेल्वेची घरं किती आहेत ते सांगायला नको. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन जन्मभर मिळतं. त्याचं नाव आईवडील हयात असतानाच पेन्शनच्या आदेशात चढवून घेता येतं. मागाहून ते काम करायला गेलेल्यांचे हाल मी पाहिले आहेत. आम्ही ते अप्पा असताना केलं, ते एका शेजाऱ्यानं मागे लागून करून घेतलं म्हणून.

प्रेषक : खजिनदार

ताई, तुमचं पत्र बायकोला वाचून दाखवलं. पैशापुरतं थोडक्यात सांगतो.

आपलं मंडळ भारताच्या परकीय योगदान कायद्याच्या, म्हणजे एफसीआरएच्या दृष्टीनं परकीय स्रोत आहे. आपण ज्या संस्थेला देऊ तिची त्या कायद्याखाली नोंदणी हवी. २०२०च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा होतो, आणि एका संस्थेनं घेतलेला पैसा दुसरीला देता येत नाही. म्हणजे पुण्यातल्या ओळखीच्या संस्थेकडे पाठवून पुढे सोलापूरला वळवायचा, हा मार्ग बंद आहे. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय योगदान धरली जात नाही. ओसीआय कार्डवाले, म्हणजे इथलं नागरिकत्व घेतलेले आपले लोक, मात्र परकीय स्रोतात येतात. शाळेची नोंदणी बघितल्याशिवाय मी सही करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

प्रेषक : निवृत्त विशेष शिक्षिका, सध्या मुलाकडे, ऑस्टिन

बाळीवेशीच्या लेकी, तुझं पत्र वाचून मला माझी नोकरीची वर्षं आठवली. मी मार्चपर्यंत इथं आहे, मग परत सोलापूर. मुलानं यादीत नाव घातलं म्हणून हे वाचायला मिळालं.

पगाराला पैसे द्या हे बरोबर. पण कोणत्या माणसाच्या, तेही बघा. आपल्या पूर्व भागात, अशोक चौक, कन्ना चौकाकडे, घरोघर तेलुगू. बाप यंत्रमागावर, आई विड्या वळते. माझ्या वर्गात सहा वर्षांचा एक मुलगा आला होता. त्याच्या कागदावर एका ठिकाणी लिहून दिलं होतं, 'वाचा नाही, आज्ञा समजत नाहीत.' मी पाण्याच्या पेल्याचं चित्र पुढं धरून "पाणी कुठंय?" विचारलं, तो खिडकीकडं बघत बसला. त्याची आई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, नीळ्ळु म्हणा." मी म्हटलं, "नीळ्ळु?" पोरानं चित्रावर बोट ठेवलं आणि उठून माठाकडं चालायला लागला. तपासणाऱ्यानं मराठीत विचारलं होतं, आणि आई दाराबाहेर बसवली होती. एवढ्यानं त्या मुलाची दोन वर्षं गेली. त्यानंतर मी तेलुगू आणि कानडीतले चाळीस-पन्नास शब्द वहीत लिहून काढले. ती वही अजून माझ्याकडं आहे.

म्हणून मला विचाराल तर याच पेठांतली, तिन्ही भाषा बोलणारी एखादी बारावी झालेली पोर घ्यावी, तिला शिकवावं, आणि तिनं घरोघर जावं. मी शिकवीन, मला पैसे नकोत. अशी पोर दुपारी दोन तास मुलापाशी बसली तर त्या आईला विड्यांचं माप द्यायला कारखान्यात जाता येतं, नाहीतर ती लेकराला कडीला बांधून जाते. हो, बांधून. मी सोडवलेली आहेत. त्या आईला नावं ठेवू नका, तिला दुसरा इलाज नव्हता.

कामाबद्दलही सांगते. माझा एक विद्यार्थी टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालतो. त्याला बाराच्या पुढं मोजता येत नाही, बारासुद्धा डळमळीत. पण डझनाचा गठ्ठा लावताना तो हात उभा धरतो. बोटाच्या टोकापासून मनगटाच्या गंड्यापर्यंत थप्पी आली की थांबतो. जाड टॉवेल असला तर मालकानं त्याच्या मनगटावर दुसरा, वरचा गंडा बांधून दिला आहे. तो मालक काही शिकलेला नाही. त्यानं चार दिवस शेजारी बसून पोरगं काय करतंय ते बघितलं.

प्रेषक : एका मुलाचा बाप, ह्यूस्टन

बाई, ताई, दोघींना नमस्कार.

माझा मुलगा १४ वर्षांचा, स्वमग्न. गेल्या जानेवारीत त्याला गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेला, घेऊन गेलो होतो. आमच्या घरात बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा, घालून नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागे चालायची रीत आहे आणि माझ्या वडिलांना नातू शेजारी हवा होता. आठ महिने तयारी केली. बाराबंदीचं कापड इथं मागवून घेतलं, रोज दहा मिनिटं अंगात घालायची सवय केली, बंद टोचतात म्हणून आईनं आतून मऊ पट्टी शिवली. सातही नंदीध्वजांचे फोटो क्रमानं लावून चोपडी केली.

सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्याजवळ आम्ही गेलो नाही, लांब एका ओळखीच्या गच्चीवर थांबलो. खालून 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' उठलं तेव्हा त्यानं कानावरचे आवाजबंद हेडफोन स्वतः काढले आणि तोही पुटपुटला. माझे वडील रडले. शोभेच्या दारूकामाच्या रात्री मात्र आम्ही खिडक्या लावून, चादरी टांगून, आतल्या खोलीत बसलो, तेही आधीच ठरलेलं होतं. त्या गच्चीवाल्यांनी एकदाही "काय झालंय याला?" विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "ह्याला काय खायला चालतंय?" कडक भाकरी आणि शेंगाचटणी चालते म्हटलं, तर बाकी काही पुढं केलं नाही.

आता मनातलं बोलतो. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांना आम्ही चार वर्षांपासून येत नाही. २०२१च्या दिवाळीत तो सभागृहाच्या कडेनं फेऱ्या मारत होता, तर एकीनं आपल्या मुलांना हाताला धरून दुसऱ्या रांगेत नेलं. कुणी काही बोललं नाही. आम्ही जेवणाआधी निघालो, आणि पुढच्या वर्षी का आला नाहीत म्हणून एकही फोन आला नाही. सोलापूरला पैसे पाठवा, माझेही घ्या. पण ताईच्या गल्लीत तम्मा दोन वेळा आला नाही तर काकू घरी गेल्या. आम्ही चार वर्षं आलो नाही.

मला फार काही नको. ढोलताशा किती वाजता सुरू होणार ते आदल्या दिवशी कळवा. दार लागेल अशी एक खोली मोकळी ठेवा. आणि त्याच्याकडे काहीतरी काम द्या. याद्या लावणं, नावाच्या चिठ्ठ्या अकारविल्हे मांडणं तो माझ्यापेक्षा चांगलं करतो.

प्रेषक : मंडळाची कार्यवाह

ह्यूस्टनच्या दादा, त्या दिवाळीला दारात मी उभी होते. तुम्ही निघताना पाहिलं होतं आणि लहान मूल कंटाळलं असेल असं मनाशी म्हणून मी वळले होते. फोन मी करायला हवा होता. चूक माझी आहे, माफ करा.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला १६० नावांच्या चिठ्ठ्या लावायच्या आहेत. त्याला चालत असेल तर शनिवारी मी खोका घेऊन तुमच्याकडे येते. खोलीचं सभागृहवाल्यांशी बोलले, मागची ग्रंथालयाची खोली मिळेल, तिला आतून कडी आहे.

उपकरणांचा ठराव मी मागे घेतला आहे. बाईंनी सांगितलेल्या कामासाठी नोंदणी असलेली संस्था खजिनदार शोधतील. बाई, वहीची पानं मोबाइलवर फोटो काढून पाठवाल का?

प्रेषक : बाळीवेशीची लेक, न्यू जर्सी

काल अव्वाशी बोलले. समितीसमोर जायची तारीख मिळाली आहे. चुलत भाऊ, त्याची बायको आणि तम्मा तिघं जाणार. तम्माला आधी विचारून घे असं मी भावाला बजावलं होतं, कारण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात पालकानं त्या माणसाशी बोलून निर्णय घ्यायचा आहे. भाऊ राहतो जुळे सोलापूर या शहराच्या दुसऱ्या भागात. त्यानं विचारलं, "अव्वानंतर माझ्याकडं जुळे सोलापुरात येतोस का?" तम्मानं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग विचारलं, "तिथं पाणी कधी येतंय?"

भाऊ आता बाळीवेशीत खोली बघतो आहे.