टॅबची तुकडी आणि फळ्याची तुकडी: तुलना नेमकी कशाची?

कोपरखैरणेची शिक्षिका
नमस्कार. मी सातवीला गणित शिकवते आणि नोकरी सांभाळून एम. एड. करते आहे. लघुशोधप्रबंधासाठी 'अ' तुकडीला अपूर्णांक टॅबवर व 'ब' तुकडीला फळ्यावर शिकवून पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीच्या गुणांची तुलना करायची, असा आराखडा मी दिला होता. मार्गदर्शकांनी तो परत केला आणि समासात एवढेच लिहिले, 'नेमके काय मोजणार?' दोन्हीकडे शिकवणारी मीच, घटक तोच, प्रश्नपत्रिकाही तीच. मग जो फरक पडेल तो टॅबचाच नव्हे का?

ऐरोलीकर
ताई, मार्गदर्शकांचा प्रश्न रास्त आहे. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच मांडले होते की माध्यम ही माल पोहोचवणारी गाडी असते, आणि गाडी बदलल्याने खाणाऱ्याचे पोषण बदलत नाही. आपल्याकडे बोलायचे तर वाशीच्या मार्केटमधून भाजी कोणत्या टेम्पोने आली, यावर तिचा कस ठरत नाही. (क्लार्क यांना पुढे बराच विरोध झाला, पण तुमच्या आराखड्यावर त्यांचा आक्षेप तंतोतंत लागू पडतो.) दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशात ग्रामीण शाळांतील मुलांना लॅपटॉप वाटले गेले, ३१९ शाळांच्या अभ्यासात गणित व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. उलट दिल्लीतील 'माइंडस्पार्क' या संगणकावर शिकवणाऱ्या शाळाबाह्य केंद्रांत लॉटरीने प्रवेश मिळालेल्या मुलांनी साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ व हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) आघाडी घेतली. तेथील सॉफ्टवेअर मूल कोणत्या इयत्तेत बसते हे न पाहता त्याला काय येते हे पाहून उदाहरणे देत होते. मात्र दीड तासांच्या सत्रात निम्मा वेळ छोट्या गटाला शिक्षकही शिकवत असत, त्यामुळे श्रेय एकट्या संगणकाला देता येत नाही.

नौपाड्यातील वाचक
वरील मुद्द्याला वेळेची जोड द्यावीशी वाटते. गुजरातमधील 'ज्ञानशाळा' या स्वयंसेवी संस्थेच्या वर्गांत अर्थतज्ज्ञ ली लिंडन यांनी एकच संगणक-कार्यक्रम दोन प्रकारे तपासला. नेहमीच्या शिकवण्याऐवजी तो दिला तेव्हा मुले मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर पूरक म्हणून दिला तेव्हा मात्र सुधारणा दिसली. तुमच्या 'अ' तुकडीत टॅब वाटणे, पासवर्ड टाकणे आणि चार्जिंग संपलेले टॅब बदलून देणे यात पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील किती मिनिटे जातील, याची नोंद तुम्ही ठेवणार आहात का?

निवृत्त पर्यवेक्षक, ठाणे
दोनच तुकड्या घेतल्या तर टॅबचा परिणाम आणि तुकडीचा परिणाम वेगळा काढता येणार नाही. 'अ'मध्ये हुशार मुले एकत्र केलेली असतील तर विचारायलाच नको. दोन्ही तुकड्यांतील मुलांच्या चिठ्ठ्या काढून गट करा आणि दोन्ही गटांना टॅबच द्या: एका गटाला सातवीचीच उदाहरणे, दुसऱ्याला पूर्वचाचणीत जिथे अडखळले तिथून. वेळ दोघांना सारखाच. शिवाय गुणांइतक्याच बारकाईने चुकाही वाचा. ३/४ + १/८ याचे उत्तर ४/१२ लिहिणारे मूल आळशी नसते. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याचा नियम ते प्रामाणिकपणे पाळत असते.

कोपरखैरणेची शिक्षिका
सर्वांचे मनापासून आभार. काल सहा मुलांना हेच उदाहरण टॅबवर दिले आणि शेजारी बसून पाहिले. चौघांनी ४/१२ वर बोट ठेवले. पडद्यावर लाल फुली आली, तेव्हा त्यांपैकी तिघांनी वही न उघडता उरलेले पर्याय एकेक करून दाबले आणि हिरवी खूण येताच पुढचे उदाहरण घेतले. अहवालात मात्र ते 'पूर्ण' म्हणून नोंदले गेले. चौथीने वहीत पोळी काढून तिचे आठ भाग केले आणि मग ७/८ निवडले. सुचवल्याप्रमाणे चिठ्ठ्या काढूनच गट करीन. पर्याय काढून टाकून उत्तर टंकित करून घेण्याची सोय या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती दोन्ही गटांना सारखीच ठेवली तर चालेल ना, की तिची वेगळी तपासणी करावी लागेल?

निवृत्त पर्यवेक्षक, ठाणे
दोन्ही गटांना सारखीच ठेवा. तिची वेगळी तपासणी हा दुसरा प्रबंध होईल.