रिकाम्या होत चाललेल्या मॉलचे छप्पर काढून खुली बाजारपेठ करावी का?

बायपासवासी : छत्रपती संभाजीनगरात आमच्या उपनगरातील मॉलमध्ये आता तळमजल्यावरचे किराणा मालाचे मोठे दालन तेवढे चालू आहे. सरकता जिना दोरी बांधून बंद ठेवला आहे आणि वरच्या बहुतेक शटरवर ‘भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या लागल्या आहेत. वातानुकूलन, लिफ्ट आणि सुरक्षारक्षक यांचा खर्च गाळे रिकामे झाल्याने फारसा घटत नाही. तो उरलेल्या गाळेधारकांच्या माथी पडतो आणि मग तेही काढता पाय घेतात. म्हणून मधले छप्पर काढून दुकानांची तोंडे रस्त्याकडे करावीत, म्हणजे संध्याकाळी गर्दी होईल, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेत लेकवूड येथे 1966 साली सुरू झालेला व्हिला इटालिया मॉल पाडून त्या जागी 2004 साली ‘बेलमार’ ही खुली बाजारपेठ सुरू झाली.

औरंगपुऱ्यातील कापड दुकानदार : आपण दिलेल्या उदाहरणात दुकानांबरोबर घरे आणि कार्यालयेही बांधली गेली, म्हणजे गिऱ्हाईक तिथेच राहायला आले, आपल्या प्रस्तावात ते कुठेच नाही. दुसरे असे की, आमची लग्नसराई नेमकी एप्रिल-मे महिन्यांत येते, जेव्हा पारा चाळिशी ओलांडतो. पैठण, गंगापूर, फुलंब्रीकडून बस्ता बांधायला येणारी कुटुंबे सकाळच्या एसटीने येतात आणि दिवस मावळायच्या आत परत निघतात, त्यामुळे ‘संध्याकाळी गर्दी होईल’ हा हिशेब त्यांना लागू पडत नाही. भर दुपारी लहान लेकरू कडेवर घेऊन फिरणाऱ्या बाईला थंड जागा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह मिळते, हा मॉलचा सर्वांत मोठा उपयोग आहे. तोच काढून घेतल्यावर तिने तिथे का यावे?

गोलाईकर : छप्पर काढणे म्हणजे सावली काढणे नव्हे. लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात आणि तिथला बाजार वातानुकूलनाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दुकानांपुढे सलग, खोल ओसरी ठेवली, मधल्या वाटा अरुंद ठेवून त्यांवर कापडी छत ताणले आणि फरशीऐवजी जागोजागी कडुनिंब लावला, तर दुपार सुसह्य होते. मात्र पश्चिमेकडची बाजू उघडी ठेवली, तर तीननंतर त्या रांगेत कोणी उभे राहणार नाही, एवढे आराखडा करणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

गाळेधारक, दुसरा मजला : ऊन-सावलीच्या आधी मालकीचे बोला. हा मॉल एका मालकाचा नाही. विकासकाने गाळे सुटे सुटे विकले आणि आम्ही कर्ज काढून ते घेतले. माझा भाडेकरू गेला, तरी देखभाल खर्चाची मागणी दर महिन्याला येते आणि बँकेचा हप्ताही चुकत नाही. खुल्या बाजारात तळमजल्याचा भाव वाढेल, हे मान्य आहे. पण दुसऱ्या मजल्यावर उन्हात जिना चढून कोण येणार? ज्यांचे गाळे पाडले जातील किंवा निरुपयोगी ठरतील, त्यांना तळमजल्यावर हिस्सा देण्याचा करार झाल्याशिवाय मी संमती देणार नाही.

बायपासवासी : आपला आक्षेप रास्त आहे आणि तो सोडवल्याशिवाय हातोडा उचलूच नये. वरचे मजले दुकानांसाठी न ठेवता अभ्यासिका, शिकवण्या, दवाखाने आणि लहान कार्यालये यांना द्यावेत, कारण तिथे माणूस ठरवून येतो, रस्त्यावरून दुकान दिसले म्हणून नव्हे. भाडे कमी मिळेल, परंतु आज ते शून्य आहे. एक लिफ्ट मात्र चालू ठेवावीच लागेल.

औरंगपुऱ्यातील कापड दुकानदार : ओसरी, पाणी आणि स्वच्छतागृह हे आराखड्यात आधी दाखवा आणि त्यांच्या देखभालीचा खर्च कोण उचलणार, तेही लिहून द्या. तोपर्यंत माझा विरोध कायम आहे.