के१०००चा पट्टा बदलायचा आहे: काय बघून घ्यावा?

रीळ_छत्तीस
पेंटॅक्स के१००० हा रिळाचा कॅमेरा आहे, ५० मिमी एफ/२ लेन्ससकट. मूळ पट्टा कृत्रिम चामड्याचा. त्याचे पापुद्रे सुटून शर्टाला चिकटतात. उजव्या बाजूची त्रिकोणी रिंग शाबूत आहे. डावी हरवली असावी, कारण तिथे कोणीतरी चावीची कडी अडकवून दिली आहे. ती कडी वरच्या कव्हरच्या कडेवर घासून ओरखडे उठलेत.

विचारायचं असं की पट्टा चामड्याचा घ्यावा की नायलॉनचा, आणि किती रुंद? हल्लीच्या पट्ट्यांची टोकं सपाट पट्टीची असतात, ती या लगच्या (कॅमेऱ्याच्या बाजूचा, पट्टा अडकवायचा धातूचा कान) भोकातून जातील का? झटकन काढता येणारे हुक वापरावेत का? शिवाय झेनिट-ई हा एक जुना सोव्हिएत कॅमेरा आहे, तिला पट्ट्यासाठी लगच नाहीत. तिचं काय करायचं?

उजेडमापी
पट्ट्याचं नंतर बघा, आधी रिंगा. कॅमेरा पडतो तो बहुतेक वेळा पट्टा तुटून नाही, तर लग, रिंग किंवा बकल यांतला एखादा सांधा सुटून.

के१०००च्या लगचं भोक लहान आणि गोल आहे. १० मिमीची सपाट पट्टी त्यातून थेट जात नाही, म्हणून मधे रिंग लागतेच. त्रिकोणी रिंगेचा फायदा असा की पट्टी तिच्या सरळ बाजूवर सपाट बसते. गोल रिंगेत तीच पट्टी गोळा होऊन कडांवर घासते आणि तिथूनच उसवायला लागते. गोल रिंग अरुंद चामडी टोकाला किंवा दोरीच्या फासाला ठीक. ती घ्यायचीच तर बाहेरचा व्यास १२ ते १४ मिमीच्या आत ठेवा. चावीची कडी याच्या दुप्पट असते, झुलते आणि प्रत्येक पावलाला अंगावर आपटते. तुमचे ओरखडे तिचेच.

दोन्ही रिंगा एकदमच बदला. कॅमेऱ्याच्या बाजूला मास्किंग टेप लावा. पातळ चामड्याचा किंवा प्लास्टिकचा संरक्षक तुकडा आधी लगवर चढवा (मूळ रिंगेमागे असा तुकडा असतो, तो हरवला की घासणं सुरू होतं). मग रिंगेची फट नखाने किंवा बोथट पात्याने जेमतेम तारेच्या जाडीइतकी उघडा, लगमध्ये घाला आणि दुसरं टोक आत येईपर्यंत फिरवत न्या. पकडीने दोन्ही टोकं फाकवू नका. तार एकदा वाकली की फट पुन्हा पूर्ण मिटत नाही, आणि त्याच फटीतून पट्टा हळूहळू बाहेर सरकतो. बसवून झालं की रिंगेभोवती शिवणकामाचा दोरा ओढून बघा. कुठे अडकला तर ती रिंग फेकून द्या.

जुन्या रिंगा काढल्यावर लगच्या भोकाची वरची कड भिंगाखाली तपासा. पोलादी रिंग वर्षानुवर्षं घासून तिथे खाच पाडते, धूळ-वाळू असेल तर आणखी लवकर. खाच धातूच्या निम्म्या जाडीपर्यंत गेली असेल किंवा लग बोटाने हलत असेल, तर कॅमेरा आधी दुरुस्तीला, पट्टा मागाहून.

मेणदोरा
रिंगांबद्दल वर सगळं आलं आहे, मी पट्ट्याचं सांगतो.

बॉडी सुमारे ६२० ग्रॅम, लेन्स १७० च्या आसपास, म्हणजे एकूण ८०० ग्रॅमच्या आत. एवढ्याला खांद्यावर २५ ते ३० मिमी रुंदी भरपूर झाली. ४० मिमीच्या पुढचे गादीवाले पट्टे जड टेलिलेन्ससाठी. या कॅमेऱ्याला ते लावले की बॅगेत कॅमेऱ्याहून पट्टाच जास्त जागा खातो, आणि उभा फोटो घेताना ताठ पट्टा डोळा आणि व्ह्यूफाइंडर यांच्या मधे येतो. निओप्रीन (रबरी स्पंजासारखं कापड) मला या वजनाला पटत नाही. ते ताणलं जातं, त्यामुळे चालताना कॅमेरा वर-खाली उसळत राहतो.

नायलॉन गुळगुळीत असतो. पट्टा तिरपा, छातीवरून आडवा घालणार असाल तर तो कपड्यांवरून सहज सरकतो आणि कॅमेरा पटकन डोळ्यापर्यंत येतो. एकाच खांद्यावर लटकवायची सवय असेल तर मात्र हाच गुण घात करतो; तिथे सुती विणीचा पट्टा चांगला पकडून राहतो. सुती पट्टा घाम पितो, धुवावा लागतो, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कॅमेऱ्यासोबत पेटीत ठेवू नये. लेन्सला बुरशी लागायला तेवढी ओल पुरते.

चामडं घ्यायचं तर अडीच ते तीन मिमी जाडीचं, एकसंध, वनस्पतीजन्य द्रव्याने कमावलेलं. कापलेली कड बघा: आतबाहेर एकच तंतुमय थर दिसला तर खरं चामडं. मधे कापड किंवा स्पंज दिसला, वर गुळगुळीत लेप असला, तर तुमच्या आत्ताच्या पट्ट्याचाच भाऊ. पॉलियुरेथेनचा तो लेप दमट हवेत आपोआप विघटित होतो, तेल-पॉलिश लावून थांबत नाही. गडद रंगाचं चामडं घेताना ओल्या पांढऱ्या फडक्याने आतली बाजू वीसेकदा घासा. फडक्याला रंग आला तर तोच घामाबरोबर कॉलरला येणार.

जोड कसा आहे तेही पाहा. एकट्या रिव्हेटवर भार पेलणारा पट्टा टाळा. भोकाभोवती चामडं ताणून लांबतं, आणि पितळी रिव्हेट चामड्यातल्या तेलाशी लागून हिरवं धरतं. चौकोनात फुलीची शिवण भार वाटून घेते. शिवण असून वर रिव्हेट असेल तर उत्तमच.

काळा_पडदा
मेणदोरा यांचं बहुतेक मान्य, पण पहिला पट्टा घेणाऱ्याला मी चामडं सुचवणार नाही. चामडी पट्ट्यांची लांबी बरेचदा ठरलेली असते किंवा दोन-तीन भोकांपुरती बदलते, आणि आपल्याला किती हवी हे वापरल्याशिवाय कळत नाही. आधी साधा २५ मिमी नायलॉन घ्या, लांबी पक्की झाली की हौसेने चामडं.

अंदाज दोरीने घ्या. रिंगांमधून दोरी ओवून तात्पुरती बांधा. समोर गळ्यात घालणार असाल तर कॅमेरा बरगड्या संपतात तिथे, बेंबीच्या थोडा वर राहू द्या. त्याहून खाली गेला की वाकताना टेबलावर, कठड्यावर आपटतो. साधारण ९५ ते ११० सेंमी होतं. तिरपा घालायचा तर कॅमेरा कमरेच्या हाडाशी. तिथे १२० ते १४० लागतात. उंची आणि जाड कपडे यांनी फरक पडतो, म्हणून आकड्यापेक्षा दोरीवर भरवसा ठेवा.

हुकांबद्दल: स्प्रिंगचे धातूचे हुक या कॅमेऱ्याला नकोत. बाजूला खणखणत राहतात, मागच्या दारावर चरे पाडतात, आणि स्प्रिंग ढिली झाली की उघडतात. दोरीच्या फासावर बसणारे सोडता येणारे जोड चालतात, पण फास लगमध्ये थेट घालू नका. जुन्या लगची झिजलेली धारदार कड बारीक दोरी कापते. रिंगेत घाला, रिंगेच्या टोकापासून लांब, आणि दोरीचे तंतू सुटलेले दिसले की त्याच दिवशी बदला. खरं तर ट्रायपॉडवर सारखं काम करत नसाल तर पट्टा काढायची गरज पडतेच किती?

पट्टी ओवताना बहुतेकांची गफलत होते. टोक आधी पट्टी धरणाऱ्या छोट्या कडीतून, मग रिंगेतून बाहेरून आत, परत त्याच कडीतून, आणि शेवटी बकलच्या दोन्ही खाचांतून असं घाला की सुटं टोक पट्टा आणि बकल यांच्या मधे दाबलं जाईल. टोक बाहेर लोंबतं ठेवलं तर प्रत्येक हिसक्याला मिलिमीटरभर सरकतं. बकलपुढे किमान ५ सेंमी शिल्लक हवी. मग कॅमेरा न लावता दोन्ही टोकं एका पिशवीला जोडा, पिशवीत ३ किलो घाला आणि गादीवर धरून दोन-चार हिसके द्या. बकलजवळ पेनाने खूण करून ठेवलीत तर सरकलं का ते लगेच दिसेल.

रीळ_छत्तीस
आभारी आहे. लगवर खाच आहे, पण उथळ. भोकाची कड गोलसर आहे, लग हलत नाही. त्रिकोणी रिंगांची जोडी आणि २५ मिमी नायलॉन घेतो. झेनिटचं राहिलं. तळाला स्क्रूने बसणारी पट्टी लावून तिला पट्टा जोडू का?

उजेडमापी
उथळ खाच चालेल, फक्त रिंगेला धारदार कड नको.

झेनिट-ईचा पट्टा मुळात तिच्या चामडी केसला असायचा आणि केस तळाच्या ट्रायपॉड स्क्रूवर. मूळ केस असली तरी तिच्यावर लगेच विसंबू नका. तांबूस भुकटी सुटणारं चामडं आतून मेलेलं असतं, तेल लावून त्यात जीव येत नाही. पट्ट्याच्या मुळाशी शिवणीचा दोरा नखाने ओढून बघा, तुटला तर केस फक्त शोभेला.

सर्वांत बरं म्हणजे नवी अर्धी केस (कॅमेऱ्याचा फक्त खालचा भाग झाकणारी), जिच्या दोन्ही बाजूंना शिवलेल्या कड्या आहेत. कॅमेरा सरळ लटकतो. तळाच्या एका टोकाला अडकवलेला पट्टा वजनाबरोबर कॅमेरा फिरवतो आणि तेच फिरणं स्क्रू सैल करतं. घ्यायच्या आधी आटे तपासा: जुन्या सोव्हिएत आणि युरोपीय कॅमेऱ्यांत तीन-अष्टमांश इंचाचे आटेही सापडतात, म्हणजे भोक साधारण साडेनऊ मिमीचं. पाव इंचाचा स्क्रू त्यात नुसता डुगडुगेल. मधे बसणारी आट्यांची बुश मिळते, ती भोकाच्या तोंडाबाहेर उभी राहू देऊ नका.

स्क्रूची लांबीही महत्त्वाची. पट्टीबाहेर ५ मिमीच्या आसपास पुरे. लांब स्क्रू तळाला टेकल्यावरही जोर लावत राहिलात तर भोकाचा बूड फुटून आतल्या यंत्रणेत जातो. मधे रबर किंवा कॉर्कची चकती घाला, नाण्याने घट्ट करा, आणि बाहेर काढताना दर वेळी हाताने चाचपा.

मेणदोरा
के१०००चं एक राहिलं. तिला उजेड मोजणाऱ्या मीटरचा स्विच नाही. लेन्सवर उजेड पडत राहिला की बॅटरी खर्च होत राहते. त्यामुळे लेन्सची कॅप लावून ठेवावी लागते, आणि कॅप हरवते. पट्टा घेतच आहात तर कॅप अडकवायची छोटी क्लिप त्यावर सरकवून घ्या. ती उजव्या बाजूला ठेवा, कारण मागचं दार डाव्या बाजूच्या रिवाइंड नॉबने (रीळ परत गुंडाळायची कळ) उघडतं आणि रीळ बदलताना तिकडे काही लोंबत असेल तर ते दारात सापडतं.